निळ्या गोळीची गोष्ट

मैत्रिणींनो, तालमीत नाहीतर जिममध्ये जाणारी मुलं आता गावोगावी आहेत. म्हणून आज आम्ही पूर्व जर्मनीची गोष्ट सांगतो.

१९७४ साली तिथल्या सरकारने खेळाडूंना स्टेरॉइड देण्याची गुप्त योजना आखली. शाळकरी पोरींनाही निळी गोळी द्यायचे आणि सांगायचे, जीवनसत्त्वाची आहे. आईबापांना पत्ता नाही! १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये त्या देशाच्या मुलींनी पोहण्याच्या १३पैकी ११ शर्यतींत सुवर्णपदकं जिंकली.

पण गोळीतलं औषध पुरुषी संप्रेरकासारखं होतं. पोरींचे आवाज घोगरे झाले, अंगावर केस आले, पाळी बिघडली. पुढे कित्येकींना यकृताचे, हृदयाचे आजार जडले. २००० साली बर्लिनच्या कोर्टाने क्रीडाप्रमुखाला दोषी ठरवलं. गेलेली तब्येत मात्र परत आली नाही.

दमा-संधिवातावर डॉक्टर देतात ते स्टेरॉइड वेगळं, ते मनाने बंद करू नका. पण पीळदार अंगासाठी मुलगा गोळी, इंजेक्शन घेत असेल, तर न रागावता विचारू या: यात काय आहे? कुणी दिलं? डॉक्टरांना दाखवलंस का? त्या आयांना विचारायची संधीच मिळाली नाही. आपल्याला आहे.