लोखंडी नांगर

आमच्या परड्यात लिंबाखाली एक जुना लोखंडी नांगर बरीच वर्षं पडून होता. पणजोबांनी तो आणला तेव्हा भावकीतल्या म्हाताऱ्यांनी भीती घातली होती म्हणे, लोखंडानं जमिनीला विष चढेल. लहानपणी हे ऐकून मी हसायचो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकत. पुढं त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. नांगर खपेना. विषाची समजूत आडवी आली आणि पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली. शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून ही गोष्ट नेहमी सांगतात. मला ती अर्धीच पटते. लाकडी नांगर गावचा सुतार करी, त्याच्या फाळाला लोहार धार लावी, आणि दोघांचं बलुतं सुगीला खळ्यावर धान्यात चुकतं होई. लोखंडी नांगराला रोकडा पैसा हवा. तो जमीन खोल पालथी घालतो, हरळी मुळासकट वर काढतो, हे खरंच. पण ओढायला जास्त बैल लागत, म्हणजे पैऱ्यानं जुळवाजुळव आली. शिवाय त्याचा ओतीव फाळ झिजला की गावच्या लोहाराचं तिथं काही चालेना. ज्याचं पोट एका पावसावर, त्यानं दुसऱ्याच्या शब्दावर आपलं रान कसं लावावं?

त्यातच शहर वाढू लागलं आणि बेळगावची जागा सोडायची वेळ आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जागा आणि दहा हजार रुपये कर्ज देऊ केलं. जागा कसली, निवडुंगाचा आणि सापांचा माळ! १९१० साली कारखाना तिथं आला. आज त्या स्टेशनाचं नावच किर्लोस्करवाडी आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की नांगर करणाराच आता कुणब्यांच्या शेजारी राहायला आला होता.

पणजोबांना वाचता येत नव्हतं, तेव्हा जाहिरातीचा प्रश्नच नाही. शेजारच्या गावी एकाच्या रानात उन्हाळ्यात निघालेली ढेकळं त्यांनी हातात घेऊन पाहिली. दुसऱ्या वर्षीही त्याच रानातलं पीक पाहिलं. मग गूळ विकून आलेल्या पैशात नांगर घेतला, आणि त्याच्यासोबत दोन जादा फाळ.