खांदा द्या, पालखी निघाली!

बूट काढा. पेंढ्याच्या चपला घाला आणि त्यांची दोरी घोट्याभोवती घट्ट आवळा. तुम्ही दोनशे वर्षांपूर्वीच्या जपानमध्ये, क्योतोच्या दक्षिणेला एका खेड्यात आला आहात. भातकापणी नुकतीच उरकली आहे.

आधी नाक भरून वास घ्या. ओला चिखल, ताजा पेंढा, कुठेतरी धुमसणारा तूस. आडव्या बांबूंवर भाताच्या पेंढ्या उलट्या टांगून वाळत घातल्यात. बांध अरुंद आहे, जपून चाला. मागून पोरांची झुंड धावत येतेय, ती तुम्हाला ढकलतच पुढे नेईल.

समोर दोन लाल खांब आणि वर आडव्या तुळया दिसतात ना? ती तोरी. तिच्या पलीकडे भाताच्या देवाची, इनारीची हद्द. देऊळ एवढंसं, चार माणसं उभी राहिली की अंगण भरलं. दोन्ही बाजूंना दगडी कोल्हे, देवाचे दूत. एकाच्या तोंडात भाताची लोंबी, दुसऱ्याच्या तोंडात कोठाराची किल्ली. दगडी कुंडातलं पाणी लाकडी डावाने घ्या, हात धुवा, चूळ भरा. पाणी बर्फासारखं गार आहे, दात शिवशिवतील.

गाभाऱ्यापुढे पहिल्या लोंब्या, तांदूळ, मीठ, पाणी, दारू. वर नव्या पेंढ्याची जाड दोरी. इथे कुणी घाई करत नाही. ज्यांनी चिखलात वाकून रोपं लावली, त्यांच्या पिकातला मोठा वाटा सारा म्हणून जातो. एरवी ताटात जव-बाजरी मिसळलेलाच भात. तरीही पहिला घास देवाचा. वसंतात डोंगरावरून उतरलेला देव पीक होईपर्यंत शेतात राहिला, असं ही माणसं मानतात. सोबत राबलेल्याला उपाशी कसं पाठवायचं?

आता तुमची पाळी. अझुकीच्या दाण्यांनी तांबूस झालेला वाफाळता चिकट भात हातावर घ्या. बोटं भाजतील, फुंकर मारा. शेजारच्या आजोबांनी पुढे केलेली दुधाळ, आंबूस दारू नाकारू नका.

तेवढ्यात ढोल घुमतो, छातीच्या आतपर्यंत. बासरी चिरकते. देवाची पालखी उठली! घामाने निथळणाऱ्या गड्यांमध्ये घुसा, दांडा खांद्यावर घ्या. पालखी मुद्दाम हिंदकळवायची, त्याने देवाची शक्ती जागते. "वाश्शोई! वाश्शोई!" खांदा सोलवटेल, श्वास फुलेल, पण थांबू नका. पुढची सगळी घरं देवाची वाट बघत दारात उभी आहेत.