सडवा, धूपन आणि भांड्याची आतली बाजू

गडचिरोली जिल्ह्यातील वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर एक शब्द नेमाने भेटतो : मोहसडवा. आलापल्ली, अहेरी, एटापल्ली, भामरागड या परिसरातून अशा बातम्या येत असतात. कुठे नाल्याकाठी ड्रम फोडलेले असतात, कुठे झुडपांत पुरलेला सडवा ओतून दिलेला असतो. मोहाची वाळवलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस ठेवल्यावर जे तयार होते, त्याचे हे नाव. आता थोडा भाषेचा विचार करावा. मराठीत डोशाचे पीठ आंबते, ज्वारीची आंबील होते, दूध विरजते. मोह मात्र सडतो. क्रिया जवळजवळ एकाच कुळातल्या, पण क्रियापदाने एकीला स्वयंपाकघरात जागा दिली आणि दुसरीला उकिरड्यावर बसवले. या क्रियापदाचा निकाल तपासावा, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

आंबणे आणि सडणे यांतील अंतर फार थोडे असते, आणि ते बहुतांशी भांड्याच्या आतल्या बाजूवर ठरते. मोहाचे फूल गोड, मांसल. मार्च-एप्रिलात ते पहाटे गळते. वेचता यावे म्हणून झाडाखालची जमीन आधी साफ करतात, बहुधा पालापाचोळा जाळून (वणव्यांचे खापर वनखाते अनेकदा याच सवयीवर फोडते). म्हणजे स्वच्छतेचा आरंभ मडक्याच्याही आधी, झाडाखाली होतो. पुढे फूल उन्हात कडक वाळवावे लागते; ओल राहिली तर बुरशी धरते. मग भिजवण. फुलांवर आणि मडक्याच्या भिंतींवर असलेले किण्व साखरेचे मद्यार्क करते. पण त्याच भिंतींवर दुसरेही बिऱ्हाडकरू असतात, आणि तोंड उघडे राहून हवा लागली की ते मद्यार्काचे आम्ल करतात. माल 'आंबट झाला' की चार दिवसांची मेहनत वाया. गाळताना उकळीने जंतू मरतात हे खरे, परंतु बिघडलेल्या भिजवणातून चांगली धार निघत नाही. 'पहिल्या धारेची' हा आपल्या बोलीत आणि साहित्यात रुळलेला वाक्प्रचार ज्या धारेवरून आला, तिचे भवितव्य भट्टी पेटण्यापूर्वीच ठरलेले असते.

हे ज्ञान युरोपातही फार जुने नाही. 1856 साली लिल येथील एका कारखानदाराच्या बीटापासून मद्यार्क काढण्याच्या पिंपांत माल आंबू लागला, तेव्हा तो लुई पाश्चर यांच्याकडे गेला. त्यातून पाश्चर यांचा किण्वनाचा अभ्यास वाढला. द्राक्षमद्यावरील त्यांचा ग्रंथ 1866 चा, बिअरवरील 1876 चा. मद्याचे रोग होतात आणि ते बाहेरून आलेल्या सूक्ष्मजीवांमुळे होतात, हा त्यांचा सिद्धांत. आज घरी बिअर करणारा पाश्चात्त्य हौशी माणूस बाटल्या सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात खळाळतो, त्यामागे हीच परंपरा आहे.

आपल्याकडे सूक्ष्मजीव ठाऊक नव्हते. भांडे मात्र ठाऊक होते. आयुर्वेदातील आसव-अरिष्टांच्या कृतींत मातीचे भांडे तुपाने माखून, मुरवून घ्यावयास सांगितले आहे, आणि सुगंधी द्रव्यांची धुरी देऊन ते धूपित करावयास सांगितले आहे. तुपाने मातीची छिद्रे बुजतात, धुराने आतली हवा शुद्ध होते; आजच्या परिभाषेत याला निर्जंतुकीकरणाचा प्रयत्नच म्हणावे लागेल. तुपाचे ठाऊक नाही, पण धुरीचा हा संस्कार मराठी घरांतून पुरता गेलेला नाही. लोणच्याची बरणी निखाऱ्यावरच्या हिंगाच्या धुरीवर पालथी घालणारी आजी याच परंपरेतली, मग तिला आसव-अरिष्टांच्या पंगतीत बसवलेले आवडो वा न आवडो! आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत कळकतो, हेही तिलाच ठाऊक. मात्र एक भेद करावा लागतो. सोवळे वेगळे आणि धुरी वेगळी. सोवळ्याला स्पर्श करणारा कोण याची चिंता असते. धुरीला बरणीत काय उरले आहे याची. या दुसऱ्या चिंतेला जात नसते, आणि म्हणूनच बहुधा ती आपल्या शुद्धाशुद्धाच्या चर्चेत फारशी येत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाचे प्रकरण या संदर्भात मुद्दाम वाचण्यासारखे आहे. मद्यावर राज्याचा कडक ताबा ठेवणारा हा ग्रंथकार कुटुंबवत्सल लोकांना सणासमारंभासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मोकळीक देतो. किण्व शोधून-निवडून काढण्याचे काम तो स्त्रिया व मुले यांच्याकडे सोपवतो. मद्य हे घरकामात मोडत होते, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

घरातून ते बाहेर निघाले ते वसाहतकाळात. मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्याने गाळण्याचा हक्क सरकारी परवान्यात बांधला, आणि 1892 च्या मोहाच्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागांत खुद्द फुलांच्या साठ्यावर निर्बंध आणले. तेव्हाचा चांदा जिल्हा मध्य प्रांतात. हे दोन कायदे तेथे नव्हते, परंतु ठेका आणि महसूल यांची दृष्टी निराळी नव्हती. आलापल्लीच्या सागाची मोजदाद वनखात्याने केली, तेथील जुन्या सागवनाचा एक तुकडा आज जैवविविधता वारसास्थळ म्हणून राखला आहे; मोहाचे झाड मात्र नोंदवहीत सदैव संशयित राहिले.

कायदा भांड्याच्या आत किती खोल शिरतो, याचे नमुनेदार उदाहरण नीरेचे. ताडाचा रस धरणाऱ्या मडक्याला आतून चुन्याचा हात दिला तर रस आंबत नाही, ती नीरा. न दिला तर काही तासांत ताडी. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नीरेला स्वतंत्र व्याख्या दिली. झाड तेच आणि रसही तोच. पेयाचे नाव ठरते ते आतल्या चुन्यावर. भामरागडकडच्या माडियांचा गोरगा, म्हणजे भेर्ली माडाचा रस, याच सीमेवर उभा आहे.

1993 पासून गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. तिच्यामागे अभय आणि राणी बंग यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले जनआंदोलन आणि गावोगावच्या स्त्रियांचा आग्रह होता. दारूने उद्ध्वस्त केलेल्या घरांचा अनुभव त्या आग्रहात होता, आणि त्याविषयी तुच्छतेने बोलण्याचा अधिकार जिल्ह्याबाहेर बसलेल्या आमच्यासारख्यांना नाही. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मडके घरातून जंगलात गेले, तेव्हा त्याच्यासोबत राखेने घासणे, उन्हात पालथे घालणे, तोंड बांधणे हे सारे गेले नाही. त्याची जागा प्लास्टिकच्या ड्रमाने घेतली, आणि जो ड्रम उद्या फोडला जाणार तो आज कोणी घासत बसत नाही. पूर्वी विधीपुरते होणारे आता विक्रीपुरते होऊ लागले, तेव्हा नवसागर आणि काळा गूळही आला. म्हणजे 'सडवा' हा शब्द पूर्वी अन्यायाचा असेल. आता तो काही अंशी खरा होऊ लागला आहे.

(अस्वच्छ भांड्याने माणसे मरतात असा समज मात्र नसावा. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे दगावली ती मिथेनॉलने. तो कारखान्यातला माल होता, मडक्यातला नव्हे.)

शेजारच्या छत्तीसगडात अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना स्वतःच्या वापरापुरती मोहाची दारू गाळण्याची मर्यादित सूट आहे. आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याने जाऊन पुढे इंद्रावती ओलांडली की तोच गंज, तेच फूल आणि तेच भिजवण घरातल्या चुलीपाशी असते. अलीकडच्या तीरावर पंचनाम्यात त्याची नोंद 'मुद्देमाल' अशी होते.