निलंग्याच्या दप्तरांतील पूर्वज

श्राद्धकर्मांत पिता, पितामह व प्रपितामह अशा तीन पुरुषांचीं नांवें घ्यावीं लागतात, आणि बहुतेक घराण्यांची वंशस्मृति तेथेंच संपते. चौथ्या पुरुषाचें नांव विचारलें, कीं घरांतील वडील माणूस तुळईकडे पाहूं लागतो. ज्यांच्याकडे पाटीलकी, कुळकर्ण अथवा देशमुखी होती त्यांची गोष्ट निराळी. वतनाच्या तंट्यांत हक्क सांगावयाचा तर तो मूळपुरुषापासून सांगावा लागे; म्हणून महजर व निवाडपत्रें यांत सात-आठ पिढ्या सहज हातीं लागतात. भाऊबंदकीनें पुष्कळ घराणीं बुडविलीं हें खरें, परंतु त्यांचा इतिहास मात्र तिनेंच राखला.

राजवाड्यांनीं 1898 सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला व गांवोगांवचीं दप्तरें धुंडाळण्याची दिशा घालून दिली. 1910 सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. पुढें कुलवृत्तान्तांचीं जाडजूड पुस्तकें निघालीं. पण या खटाटोपाचा भर पुणें, सातारा व कोंकण यांवर राहिला. निजामाच्या राज्यांतील मराठवाड्याच्या वांट्यास त्या मानानें फार थोडें आलें, आणि निलंग्यासारख्या तालुक्याच्या गांवास तर त्याहूनही थोडें. वास्तविक नीलकंठेश्वराचें जुनें दगडी देवालय पाहिलें म्हणजे या वस्तीच्या वयाबद्दल शंका राहत नाहीं.

निलंग्याच्या माणसास पूर्वज शोधतांना पहिली अडचण येते ती भूगोलाची. 1956 च्या नोव्हेंबरांत राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत हा तालुका बीदर जिल्ह्यांत होता. तेव्हां तो मुंबई राज्यांत येऊन उस्मानाबाद जिल्ह्यास जोडला गेला. 1960 सालीं महाराष्ट्र झालें आणि 1982 सालीं लातूर जिल्हा निराळा निघाला. घर न बदलतां एकाच कुटुंबानें तीन जिल्हे पाहिले! कागद मात्र माणसांसारखे एके ठिकाणीं बसून राहत नाहींत. बीदर आज कर्नाटकांत आहे, उस्मानाबादेचें नांव धाराशिव झालें आहे, आणि हैदराबाद सरकारचें मुख्य जुनें दप्तर तारनाक्यास तेलंगणाच्या पुराभिलेखागारांत आहे. तेथें शहाजहान व औरंगजेब यांच्या अमदानींतील लाखाहून अधिक फारसी कागद आहेत. पण पणजोबांच्या दोन एकर कोरडवाहूचा शोध घेणाऱ्यास त्यांचा काय उपयोग? त्याला हवी असते ती गांवची सेतवार, अथवा 1954-55 सालचें खासरा पाहणीचें पत्रक. आणि तीं बहुधा तालुक्याच्या कचेरींतच सांपडतात. आधीं घरचें गांठोडें, मग तालुका, आणि सर्वांच्या शेवटीं हैदराबाद, असा क्रम आम्हांस श्रेयस्कर वाटतो.

दुसरी अडचण काळाची. निजामी कागदांवर फसली सन असतो. त्याचे आजूर, दै, बहमन, खुरदाद इत्यादि महिने इराणी आहेत आणि वर्ष ऑक्टोबरांत सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत 590 व पुढें 591 मिळविले म्हणजे इसवी सन येतो. फसली 1340 म्हणजे 1930-31. पण कोणी त्यास हिजरी समजला तर तो 1921-22 वर जाऊन पडतो. या नऊ वर्षांच्या फरकानें मुलगा बापाच्या मृत्यूनंतर उपजल्याचे चमत्कार वंशावळींत घडतात. त्याच घरच्या मराठी कागदांवर शक असतो, कोठें शुहूर सनही असतो. निरनिराळ्या कालगणना एकाच गांठोड्यांत सुखानें नांदत असतात, वाचणारा तेवढा दुःखी होतो.

तिसरी अडचण लिपीची, व तीच सर्वांत बिकट. 1884 च्या सुमारास हैदराबाद राज्याच्या कारभारांत फारसीच्या जागीं उर्दू आली. गांवच्या व सावकारांच्या मराठी कागदांत मोडी चालतच होती. मोडींत आधीं रेघ ओढून शब्द सलग लिहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसे; तरी सवयीनें ती साधते. घाईनें लिहिलेल्या उर्दूचें तसें नाहीं. उर्दूच्या रूढ लेखनांत मराठी ‘ण’ व ‘ळ’ यांस जागा नाहीं. काळे हे काले होतात, गणपत हा गनपत होतो. ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहींत, आणि शिकस्ता वळणांत लेखक अक्षरांचे नुक्तेही गाळून जातो. ‘कुणबी’ हा शब्द त्या लिपींत काफ, नून, बे व ये या चार अक्षरांचा. त्यांतील नून व बे हीं अक्षरें शब्दाच्या मध्यें आलीं असतां केवळ वरच्या व खालच्या ठिपक्यानेंच ओळखावयाचीं. ठिपके नसले तर काय वाचावें?

हा प्रश्न पंडितांच्या करमणुकीचा राहिलेला नाहीं. मराठवाड्यांतील मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधण्याकरितां महाराष्ट्र सरकारनें 2023 च्या सप्टेंबरांत निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली, आणि महसुली कागद, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळांचीं दाखलपुस्तकें यांवरील धूळ एकाएकीं उडाली. 2025 च्या 2 सप्टेंबरास हैदराबाद गॅझेटियरसंबंधीं शासननिर्णयही निघाला. आरक्षणाच्या वादांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. पण एक गोष्ट इतिहासाच्या दृष्टीनें स्पष्ट सांगितली पाहिजे: गॅझेटियर व खानेसुमारीचे अहवाल यांत अमुक जिल्ह्यांत अमुक जातीचे इतके लोक, एवढेंच मिळतें, तुमच्या-आमच्या पणजोबांचें नांव त्यांत नसतें. नांव हवें तर जमिनीच्या किंवा शाळेच्या मूळ पुस्तकाचें पान उलटावें लागतें. ज्या मुलाची महाविद्यालयांतील जागा त्या पानावर अवलंबून आहे त्यास ठिपक्याची किंमत कोणी शिकवावयास नको.

आणि पुस्तकांत कोण आहे? ज्याची जमीन आहे तो, ज्याचें वतन आहे तो, ज्यानें कर्ज काढलें तो. दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्याचें, पालावर राहणाऱ्याचें नांव क्वचितच. स्त्रियांची तर दुहेरी हानि झाली. लग्नांत नांव बदललें, म्हणजे माहेरच्या वंशावळींत ती उरली नाहीं व सासरच्या वंशावळींत चढली नाहीं. पति निवर्तल्यावर विरासतीच्या प्रकरणांत ‘बेवा’ म्हणून ती कागदावर येते. वैधव्य आलें तरच सरकारास तिची ओळख! श्राद्धांत माता, पितामही, प्रपितामही यांचीं नांवें निघतात, आणि त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनीं सांगितलेलीं घरच्या माणसांचीं नांवें गांववार उतरलेलीं असतात. पुराभिलेखागारांत न मिळालेली पणजी उपाध्यायांच्या ओसरीवर मिळावी, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. दक्षिणा मात्र तयार ठेवावी.

छायाचित्रांविषयीं लोकांची श्रद्धा फार भोळी असते. हैदराबादेस सहाव्या निजामाच्या पदरीं राजा दीनदयाळ (1844-1905) यांच्यासारखा नामांकित छायाचित्रकार होता. पण त्यांचा कॅमेरा दरबार, राजवाडे व अमीर-उमराव यांकडे वळलेला. साध्या शेतकऱ्याच्या घरीं पहिली तसबीर पुष्कळ उशिरां आली, व ती बहुधा लग्नाची किंवा शहरांत शिकावयास गेलेल्या मुलाची. अंगांतली शेरवानी आणि हातांतलें घड्याळ पाहून पूर्वज श्रीमंत होते असें ठरवूं नये. तीं दोन्ही छायाचित्रकाराचीं असण्याचा संभव असतो. मागच्या पुठ्ठ्यावरील दुकानाचें नांव व गांव हें चेहऱ्याहून अधिक बोलतें. मागें कोणीं पेन्सिलीनें दोन नांवें लिहून ठेविलीं असतील तर मग विचारावयासच नको.

इतकें करूनही निलंग्याच्या परिसरांत पुष्कळ सांपडत नाहीं, त्याचीं कारणें दोन. 1948 सालीं रझाकारांच्या धामधुमींत अनेक कुटुंबें नेसत्या वस्त्रानिशीं सरहद्दीपलीकडे गेलीं. सप्टेंबरांत पोलीस कारवाई झाली, आणि नंतर मुसलमान कुटुंबांवर जो प्रसंग गुदरला त्यांत सुंदरलाल समितीनें अत्यंत पीडित म्हणून सांगितलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व नांदेड यांबरोबर बीदरही होतें. तो अहवाल सरकारनें पुष्कळ वर्षें प्रसिद्ध केला नव्हता. दोन्हीकडचीं गांठोडीं त्या वर्षांत गेलीं. त्यानंतर 30 सप्टेंबर 1993 च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा, उमरगा व निलंगा या तालुक्यांतील गांवांत दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचें माळवद एकदम खालीं आलें. आठ-दहा हजार माणसें दगावलीं. तेथें कोनाड्यांतील कागदांची आणि भिंतीवरच्या तसबिरींची मोजदाद कोण करणार? जें वांचलें तें बहुधा घरांतलें नव्हेच: पुण्यास वा हैदराबादेस नोकरीला गेलेल्या भावानें पूर्वीं नेलेली एखादी प्रत, सासरीं गेलेल्या लेकीच्या ट्रंकेंतील आईबापांचा फोटो. आमच्या पाहण्यांत अशा तीन तसबिरी आल्या, आणि तिन्ही लेकींकडून आल्या.