वाणिज्याचे प्राध्यापक आणि दासगावचे बंदर

मंडळी, मुंबई-गोवा रस्त्याने जाताना दासगाव केव्हा मागे पडते हे कळतसुद्धा नाही. पूर्वी असे नव्हते. मुंबईहून निघालेला माणूस आगबोटीने सावित्रीच्या खाडीच्या तोंडाशी येई, तिथून लहान बोटीने दासगावला उतरे आणि मग महाडची वाट धरी. २५ डिसेंबर १९२७ रोजी दुपारी असेच एक गृहस्थ इथे उतरले. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. त्यांना कोण ओळखत नाही? पण त्यांची एक ओळख जरा झाकली गेली आहे. ते वाणिज्याच्या विद्यार्थ्यांचे शिक्षक होते.

मुंबईचे सिडनेहॅम कॉलेज १९१३ साली निघाले. आशिया खंडातले पहिले वाणिज्य महाविद्यालय अशी त्याची ख्याती. तोवर आपल्याकडे व्यापार म्हणजे बापाच्या पेढीवर बसून शिकायची गोष्ट. त्यासाठी प्राध्यापक कशाला हवा, असंच लोक म्हणत. त्या कॉलेजात नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. आरंभी मुलांनी त्यांना फारसे मनावर घेतले नाही. पुढे मात्र बाहेरच्या कॉलेजची मुलेही त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. आणि बरं का, याच कॉलेजात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी घेऊ नये, अशी काही सहकाऱ्यांची हरकत होती! कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाची ही गत, मग खेड्यातल्या माणसाची काय असेल?

त्याच १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध लिहिला. आपल्या शेतकरी बंधूंनी तो जरूर समजून घ्यावा. तुकडे जोडले की शेती सुधारली, असे तेव्हाचे पुष्कळ जाणते लोक सांगत. आंबेडकरांचे म्हणणे निराळे. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. तिच्यावर राबायला भांडवल, बैल, अवजारे किती, यावर ठरते. शेतीवर माणसांचा भार फार झाला आहे, तो कमी करायचा तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत. ज्या कोकणातून घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत जाई, त्या कोकणाला हे वेगळे पटवून द्यायला नको.

मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि ते लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. परत आल्यावर, १९२५ ते १९२८ या काळात, ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. म्हणजे दासगावला उतरले ते याच दिवसांत!

धक्क्यावर तीन हजारांवर सत्याग्रही वाट पाहत होते. पोलीस अधिकारीही हजर होते. त्यांनी कलेक्टरांचे पत्र हाती दिले: ताबडतोब महाडला भेटायला यावे. आंबेडकर पुढे गेले. सत्याग्रही पाच मैल पायी चालत महाडात शिरले. चवदार तळ्याचे पाणी मार्चमध्येच घेऊन झाले होते. आता मात्र कोर्टाचा मनाई हुकूम आडवा आला होता. तळे खाजगी आहे, असा वाद्यांचा दावा. त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. सत्याग्रह मात्र तहकूब झाला. तो भ्याडपणा होता असे काही जण म्हणत. मला ते पटत नाही. कायदा शिकवणाऱ्याने कोर्टातली लढाई कोर्टातच लढवली. तिला दहा वर्षे लागली. मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा पार पडले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यामुळे.

पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही त्यांनी १९४५ साली काढलेली संस्था. तिने १९५३ साली मुंबईत वाणिज्य व अर्थशास्त्राचे सिद्धार्थ कॉलेज सुरू केले आणि १९६१ साली, बाबासाहेबांच्या पश्चात, महाडला त्यांच्या नावाचे कॉलेज उभे केले. तिथे कला आणि विज्ञान यांच्या जोडीला वाणिज्यही शिकवले जाते.