लेन्सवरील सैल रबरी कडे : पेण-रोहे परिसराच्या संदर्भात एका दुरुस्तीचा इतिहास

प्रस्तावना :
छायाचित्रणाच्या इतिहासात छायाचित्रकार व तांत्रिक शोध यांची नोंद होते. यंत्रांच्या देखभालीचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. लेन्सवरील सैल झालेले रबरी कडे पुन्हा बसविणे ही त्यातीलच एक बाब होय. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे या दमट हवेच्या तालुक्यांच्या संदर्भात तिचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मुंबईत १८५४ मध्ये 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. त्या काळातील लेन्स पितळी नळीत बसविलेल्या असत. पुढे फिरविण्याच्या कड्यावर खाचा पाडून बोटांना पकड दिली जाऊ लागली. १९५९ च्या 'निकॉन एफ' कॅमेऱ्याच्या लेन्सवरही धातूचेच कडे होते. १९७० च्या दशकात कॅनन, निकॉन इत्यादी कंपन्यांच्या लेन्सवर रबरी कडे रूढ झाले. हात घसरेना, परंतु पूर्वी धातूचाच अंगभूत भाग असलेली पकड आता स्वतंत्र व झिजणारा भाग बनली.

सैल होण्याची कारणे :
हे कडे मुख्यतः स्वतःच्या ताणामुळे व काही ठिकाणी चिकटपट्टीमुळे जागेवर राहते. घाम, हाताचे तेल व उष्णता यांमुळे रबर फुगते किंवा ताणले जाते आणि खालचा चिकट थर सुटतो. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत छायाचित्रण करताना शाडूची व प्लॅस्टरची बारीक धूळ सुटलेल्या कडेखाली सहज शिरू शकते.

दुरुस्तीची रीत :
कडे हलक्या हाताने सोडवून साबणाच्या पाण्याने धुवावे व पूर्ण वाळवावे. धातूवरील जुना चिकटा किंचित स्पिरिट लावलेल्या कापडाने पुसावा. स्पिरिट काचेपर्यंत जाऊ देऊ नये. नंतर पातळ दुतर्फी चिकटपट्टी लावून कडे बसवावे. फार ताणलेले कडे बदलणेच योग्य.

झटपट चिकटणारा गोंद मात्र टाळावा. त्याच्या वाफेने पांढरे डाग पडतात, हे एक कारण. दुसरे कारण अधिक गंभीर आहे : अनेक लेन्स उघडण्याचे स्क्रू याच रबराखाली असतात. कोकणातील पावसाळी हवेत लेन्समध्ये बुरशी धरण्याचा धोका मोठा असतो आणि ती काढण्यासाठी लेन्स उघडावी लागते. कडे कायमचे चिकटविल्यास किरकोळ दोषाच्या दुरुस्तीपायी संपूर्ण लेन्स निकामी होण्याची वेळ येऊ शकते.

निष्कर्ष :
१९९१ पूर्वी आयातीवर कडक निर्बंध असल्याने परदेशी सुटे भाग दुर्मीळ होते आणि हाती असलेली लेन्स टिकविणे ही व्यावसायिकाची आर्थिक गरज होती. निर्बंध शिथिल झाले, तरी कोकणची हवा बदललेली नाही. म्हणून या भागात चांगली दुरुस्ती म्हणजे घट्ट बसणारी, परंतु पुन्हा उघडता येणारी दुरुस्ती होय. रबरी कड्याचा इतिहास हेच तत्त्व स्पष्ट करतो.