पैसा, मूठ आणि पंधरा लाख

जुन्या रुपयाचे पैसे चौसष्ट. हा हिशेब ध्यानात घेतला, की विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात वर्गणी मागत हिंडणाऱ्यांपुढची अडचण लगेच उमगते.

अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसाफंड' काढला. मागणी माणशी वर्षाला अवघा एक पैसा! कल्पना सुंदर, पण गणित निष्ठुर. लाख माणसांनी पैसा दिला तरी जमणार १,५६२ रुपये आठ आणे. प्रवास आणि पावत्यांचा खर्च त्यातूनच. तरीही टिळकांचे पाठबळ लाभले आणि १९०८ मध्ये या फंडातून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. देणाऱ्याच्या खिशातून पैसाच गेला होता, पण स्वदेशी कारखान्यात आपलाही वाटा आहे, असे त्याला म्हणता येत होते.

ज्याच्या हाती पैसाही नाही, त्याच्याकडे काय मागावे? कर्मवीर भाऊराव पाटील यांनी धान्य मागितले. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. त्यांच्यासाठी घरोघरच्या स्त्रिया रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढीत, हाच 'मुष्टिफंड'. नगद कमाईवर हक्क नसलेल्या बाईचा हात धान्याच्या मडक्यापर्यंत मात्र पोहोचत होता. दानशूरांच्या यादीत या स्त्रियांची नावे कधी आली नाहीत.

अर्थात धान्याने पोट भरते. शिक्षकाचा पगार भागत नाही, छप्परही उभे राहत नाही. शिवाय पाऊस हुकला की मूठही आखडते. कोठीतले धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. ही गोष्ट नेहमी त्यागाची म्हणून सांगितली जाते. ती निधी कोरडा पडल्याचीही गोष्ट आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

दुसरी वाट धनिकाच्या दाराशी जात होती. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. सरकारची मान्यता नाही, त्यामुळे सारा भार वर्गणीवर. १९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. पैसाफंडाच्या मापाने मोजले तर हे नऊ कोटी साठ लाख पैसे! मुंबई इलाख्याची लोकसंख्या तेव्हा दोन कोटींच्या आसपास. तान्ह्या मुलासह प्रत्येकाने दरसाल पैसा दिला असता, तरी एवढी रक्कम जमायला जवळजवळ पाच वर्षे लागली असती.

देणगीला अट होती. विद्यापीठाला दात्याच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव द्यावयाचे. कर्व्यांनी ते मान्य केले, आणि त्यात वावगे काही नव्हते. भाऊरावांच्या साताऱ्यातील हायस्कुलालाही पुढे महाराजा सयाजीरावांचे नाव लागलेच. मात्र नाव नोंदवून देणारा एक दाता आणि निनावी मूठ देणारी हजार घरे यांच्याशी संस्थेचे नाते सारखे राहत नाही. एकाचा शब्द सांभाळावा लागतो. हजारांच्या दारात पुन्हा पुन्हा जावे लागते.

कर्व्यांचे हिंडणे पंधरा लाखांनंतरही थांबले नाही. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोप, अमेरिका, जपान आणि पुढे आफ्रिकेपर्यंत गेले. विद्यापीठाचा परिचय आणि मदतीचे आवाहन, दोन्ही बरोबर घेऊन. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय पुण्याहून मुंबईला हलले. त्याच वर्षी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी नवे मंडळ काढले आणि लहान लहान वर्गण्यांसाठी पुन्हा पुण्यातील घरांच्या पायऱ्या चढू लागले.